कोकणात ‘बेटावरचा’ म्युझिक व्हिडिओ: आधी भरतीचं कोष्टक, मग शॉटलिस्ट

दर हिवाळ्यात तारकर्ली-देवबागला तेच दृश्य दिसतं. सकाळी साडेदहाला गाडी येते, ब्लूटूथ स्पीकर उतरतो, फुलांचे शर्ट आणि प्लास्टिकच्या माळा निघतात आणि भर बारा वाजता कलाकाराला पाण्यात उभं करतात. डोळ्यांखाली काळ्या सावल्या, मागे पांढरं फटक आभाळ, ओहोटीने उघडा पडलेला चिखल. घरी गेल्यावर एडिटरला सांगितलं जातं, “जरा मालदीवसारखं कर.” होत नाही ते.

बेटाचा माहोल तीन गोष्टींतून तयार होतो: पाणी कुठवर आलंय, सूर्य कुठे आहे आणि वारा कुठून वाहतोय. तिन्ही आपल्या हातात नाहीत, पण तिन्हींचं वेळापत्रक आधी कळतं. म्हणून खालचा क्रम बदलू नका. उदाहरण मालवणजवळच्या कर्ली खाडीच्या परिसराचं घेतलंय, कारण समुद्र, खाडी, माड आणि वाळूचा पट्टा तिथे काही किलोमीटरांत मिळतो. गुहागर, वेंगुर्ले किंवा दक्षिण गोव्यातही हिशोब तोच, फक्त घड्याळ थोडं सरकतं.

## 1. गाणं आधी पूर्ण करा, आणि मोजा

“मिक्स नंतर करू, शूट आटपून घेऊ” हा पहिला घोटाळा. मिक्स नंतर पॉलिश करा, पण गाण्याची लांबी आणि टेम्पो शूटच्या आधी पक्के हवेत. नंतर एक कडवं कापलं किंवा वेग 100 चा 104 केला, तर सगळं लिपसिंक फुकट.

मग गणित मांडा. गाणं साडेतीन मिनिटांचं, म्हणजे 210 सेकंद. टेम्पो 100 (मिनिटाला 100 मात्रा), चार मात्रांचा बार. दोन बार म्हणजे 4.8 सेकंद. सरासरी दोन बारांनी कट घेतला तर साधारण 44 शॉट लागतील. निवांत, डुलणाऱ्या गाण्याला एवढे पुष्कळ झाले. लोक दीडशे शॉट लिहून नेतात आणि साठ घाईघाईने उरकतात. त्यापेक्षा 44 नीट घ्या.

प्लेबॅकच्या तीन फाइल तयार ठेवा:

- मूळ वेगाची, सुरुवातीला दोन बारांची टिकटिक असलेली. टिकटिकीशिवाय कलाकार पहिला शब्द नेहमी चुकवतो.
- मुखडा, अंतरा असे तुकडे, प्रत्येकाआधी टिकटिक.
- दुप्पट वेगाची. स्लो मोशनमध्ये केस आणि लाटा संथ पण ओठ मात्र गाण्यावर बरोबर हवे असतील, तर कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेमवर ठेवा, गाणं दुप्पट वेगाने वाजवा आणि शॉट 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर टाका. ओठ जुळतात.

दुप्पट वेगात गाणं म्हणायला सराव लागतो. किनाऱ्यावर पहिल्यांदा ऐकवलं तर कलाकार हसत सुटतो आणि अर्धा तास जातो. आठवडाभर आधी फाइल पाठवा. आणि 60 फ्रेमच्या मोहात पडू नका: 24 च्या टाइमलाइनवर तो शॉट जुळवायला गाणं अडीचपट वेगाने वाजवावं लागतं, तेवढं तोंड चालत नाही.

## 2. कुठलं बेट, ते ठरवा

युकुलेली हवाईची, स्टीलपॅन त्रिनिदादचा, रेगेचा ठेका जमैकाचा. गाण्यात यातलं काहीही वापरा. पण पडद्यावर हवाईच्या माळा, रेगेचे लाल-पिवळे-हिरवे पट्टे आणि मागे मालवणी होडी एकत्र आलं की व्हिडिओ हॉटेलच्या थीम पार्टीसारखा दिसतो.

माझं मत सरळ आहे: बेट आपलंच दाखवा. जांभ्याचा चिरा, नळ्यांची कौलं, माडाच्या झावळ्यांचा मांडव, रापणीची जाळी, तांडेलाच्या (होडीच्या प्रमुखाच्या) हातातली वल्ही हे सगळं उष्णकटिबंधाचंच आहे आणि भाड्याने आणावं लागत नाही.

जागा पाहताना एका झाडाकडे लक्ष ठेवा: सुरू. वाळू धरून ठेवायला आणि वारा अडवायला कोकण किनाऱ्यावर सुरूची बनं लावलेली आहेत. उघड्या डोळ्याला ती छान वाटतात, फ्रेममध्ये मात्र लांबून थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडांसारखी दिसतात आणि बेटाचा भास क्षणात मोडतात. माड दिसतील आणि सुरू बाहेर राहील असे कोन रेकीतच फोटो काढून ठरवा.

तपासणी: रेकीच्या प्रत्येक फोटोवर वेळ आणि दिशा लिहिली आहे का? नुसता सुंदर फोटो काही कामाचा नाही.

## 3. तारीख पंचांग बघून काढा

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते तीही हीच.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास लागतात आणि वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हा अंदाज आहे. त्यावरून आठवडा निवडा आणि नेमकी वेळ त्या बंदराच्या भरतीच्या कोष्टकातून घ्या.

आता याचा शूटशी संबंध बघा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पूर्ण भरती साडेअकराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आगेमागे. शिवाय ते उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीला पाणी एरवीपेक्षा खूप मागे हटतं. ओला, आरशासारखा चकाकणारा रुंद किनारा आणि त्यावर मावळतीचं आभाळ नेमकं त्याच वेळी मिळतं. जानेवारीच्या मध्यात मालवणकडे सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान मावळतो. पौर्णिमा साधली तर त्याच सुमाराला पाठीमागे माडांवर चंद्र उगवतो. कुठलाही लाइट भाड्याने आणून हे होत नाही.

अष्टमीला उलट. दुपारी बारा-साडेबाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला भरती. भांगाचं पाणी, चढउतार कमी. मावळतीला किनारा अरुंद आणि लाटा माडांच्या जवळ. गाणं जवळीकीचं, दोघांचंच असेल तर हाच दिवस बरा. सामूहिक नाच असेल तर जागाच उरत नाही.

खाडीचं गणित आणखी कडक. खाडी भरलेली असली की माड पाण्यात वाकलेले दिसतात, तेच बेट. ओहोटीला तिथेच काळा चिखल, अडकलेल्या पिशव्या आणि वास. खाडीचे शॉट भरतीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा एक तास, बस्स.

ऋतू सांगायची गरज पडू नये, तरी सांगतो: डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात प्रवासी बोटी बंद असतात, समुद्र गढूळ असतो आणि तेव्हा पाण्यात कलाकार उतरवणं हा निव्वळ मूर्खपणा आहे.

सावधान: देवबागच्या संगमावरचा वाळूचा पट्टा, ज्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात, भरतीत बराचसा पाण्याखाली जातो. एकदा आम्ही अशाच एका पट्ट्यावर डॉलीचे (कॅमेऱ्याच्या गाडीचे) रूळ मांडले. रूळ पातळीत आणण्यातच पाऊण तास गेला. तांडेल होडीतून बघत होता. म्हणाला, “पाणी भराक लागलां, आता उचला सगळां.” आम्ही म्हटलं, दोनच शॉट. चौथ्या टेकला रूळांखालची वाळू निघून गेली आणि बॅटऱ्यांच्या पेट्या डोक्यावर घेऊन आम्ही कमरेएवढ्या पाण्यातून होडीकडे आलो. तांडेलाचा शब्द हा दिग्दर्शकाच्या शब्दापेक्षा वरचा, हे कॉलशीटवरच (दिवसाच्या कामाच्या पत्रकावरच) लिहा.

## 4. परवानग्या: तारीख ठरल्यावर लगेच

क्रम असा ठेवा. आधी ग्रामपंचायत आणि जागेचा मालक, कारण माडांची वाडी कुणाची तरी खासगी असते. मग किनारा आणि जेट्टीसाठी मेरीटाइम बोर्डाचं बंदर कार्यालय, स्थानिक पोलीस ठाणं. महाराष्ट्रात चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, ऑनलाइन अर्ज तिथून करता येतो. गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे जावं लागतं.

तीन ठिकाणी हमखास फसगत होते.

सिंधुदुर्ग किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. “मोबाइलवरच तर काढतोय” हे कलाकार, मेकअप आणि स्पीकर घेऊन आलेल्या टोळीने म्हणायचं नसतं. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. त्या हद्दीत वन खात्याला विचारल्याशिवाय काही करू नका.

तिसरं ड्रोनचं. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 5 किलोमीटरपर्यंतचा भाग लाल, 5 ते 8 किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा, आणि 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांच्या वर पिवळा. लाल भागात केंद्र सरकारची, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला आणि देवबाग त्याच्यापासून खाडीच्या पलीकडे, पक्ष्याच्या वाटेने अगदी जवळ आहे. “मागच्या वेळी इथेच उडवला होता” हा पुरावा नव्हे. डिजिटल स्कायचा नकाशा उघडा आणि त्या दिवसाचा रंग बघा. 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा तर पायलटकडे प्रमाणपत्रही हवं.

रात्रीचं शूट असेल तर गावात कासवांची चौकशी करा. हिवाळ्यात कोकणातल्या कित्येक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात. प्रखर दिव्यांनी त्या माघारी फिरतात, आणि पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत उजेडाकडे भरकटतात. असा किनारा असेल तर रात्रीचे शॉट अंगणात घ्या.

## 5. दिवसाचं वेळापत्रक

पौर्णिमेच्या आसपासचा एक दिवस जानेवारीत असा बसतो.

सव्वासात ते नऊ, माडांची वाडी. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य जमिनीकडून येतो, माडांतून तिरप्या किरणांच्या पट्ट्या पडतात आणि किनारा अजून सावलीत असतो. या वेळी समुद्राकडे पळू नका, वाडीत राहा. वाराही तेव्हा मतलई, मंद, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. ड्रोनची परवानगी असेल तर उडवायची वेळ हीच.

दहा ते साडेबारा, भरलेली खाडी आणि निळं पाणी. पाण्याचा रंग दिसायला सूर्य वर आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागे हवा. संध्याकाळी समुद्राकडे कॅमेरा लावून निळाई शोधणाऱ्यांना चंदेरी पत्राच मिळतो. चेहऱ्यावरच्या सावल्यांसाठी होडीवर पांढरं मांजरपाट ताणा. ते दोन बांबूंवर चार माणसं धरतात, वारा आला की लगेच खाली. थर्माकोलचे तुकडे मात्र आणू नका, एक उडाला की समुद्रात गेला.

दोन ते चार, पडवी. जेवण, आराम, मग कौलारू घराच्या पडवीतले क्लोजअप. बाहेर खारा वारा सुटलेला असतो. केस तोंडावर, छत्र्या आडव्या, माणसं चिडलेली. दोन तास बाहेर झगडून काही हाती लागत नाही.

साडेचार ते पावणेसात, ओहोटीचा किनारा. गाण्याचा मुखडा इथे. कॅमेरा गुडघ्याखाली, ओल्या वाळूच्या जवळ. सूर्य मावळल्यानंतरची वीस मिनिटं सगळ्यात मोलाची असतात आणि नेमकं तेव्हाच लोक सामान आवरायला घेतात.

दोन दिवस असतील तर दुसऱ्या दिवशीचं सगळं पाण्याचं काम पन्नास मिनिटं पुढे ढकला. सूर्य ढकलता येत नाही, म्हणून मावळतीचे महत्त्वाचे शॉट पहिल्याच दिवशी घ्या.

## 6. कॅमेरा: फिल्टर विसरलात तर सगळं विसरलात

उन्हाचा साधा हिशोब. 25 फ्रेम, शटर 1/50, आयएसओ 100 असेल तर भर उन्हात बरोबर एक्सपोजर साधारण एफ 22 ला येतं. तुम्हाला हवं एफ 4, म्हणजे पाच स्टॉप कमी करायचे (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). वाळू आणि पाण्याच्या चकाकीचा आणखी एक. एकूण सहा, म्हणजे एनडी 64 (एनडी म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारा काळपट फिल्टर). लॉगमध्ये (नंतर रंग करायच्या फिकट रेकॉर्डिंगमध्ये) बेस आयएसओ 800 असेल तर आणखी तीन स्टॉप, म्हणजे एनडी 512. एनडी नाही म्हणून शटर 1/2000 वर नेलं की लाटा आणि नाच दोन्ही तुटक, टोचल्यासारखे दिसतात. नवख्यांचे निम्मे व्हिडिओ इथेच ओळखू येतात.

पोलरायझर खाडीच्या शॉटला लावा: पाण्यावरची चकाकी जाते, हिरवा रंग वर येतो. मावळतीच्या ओल्या वाळूवर तोच काढून ठेवा, नाहीतर ज्या प्रतिबिंबासाठी तुम्ही पंचांग बघितलं तेच तो पुसून टाकेल. बदलता एनडीही आतून पोलरायझरच असतो, त्यामुळे त्या शॉटला साधा एनडी वापरा.

व्हाइट बॅलन्स 5600 वर पक्का. ऑटोवर ठेवला तर होडी फिरली की त्वचेचा रंग फिरतो.

सावधान: रात्रभर एसी खोलीत ठेवलेला कॅमेरा पहाटे बाहेर काढला की लेन्सवर धुकं धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास आधी पडवीत आणून ठेवा. खाऱ्या पाण्यात उभ्या राहिलेल्या ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा. “उद्या करू” म्हटलं तर उद्या ते उघडत नाहीत.

## 7. कपडे आणि आवाज

मागे निळा-हिरवा असताना पुढे निळा-हिरवा कपडा घालून कलाकार हरवून टाकण्यात काय हशील? कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा, जांभ्याचा तांबडा चालतो. शुभ्र पांढरा उन्हात जळतो, त्यापेक्षा हस्तिदंती बरा. मलमल वाऱ्यावर छान उडते, सिंथेटिक भिजलं की अंगाला चिकटतं. पाण्यातल्या प्रत्येक पोशाखाचे दोन जोड हवेत, कारण भिजलेला कपडा दमट हवेत लवकर वाळत नाही.

स्पीकर कलाकाराजवळ ठेवा, कॅमेऱ्याजवळ नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. स्पीकर कॅमेऱ्यापाशी आणि कलाकार 34 मीटरवर असेल तर त्याला गाणं दशांश सेकंद उशिरा पोचतं, म्हणजे अडीच फ्रेम. टेलिफोटोच्या शॉटमध्ये ओठ नेहमी मागे का पडतात याचं कोडं इथे सुटतं. लाटांच्या आवाजात लांबच्या शॉटला एका कानात लपवलेला इअरपीस उत्तम.

तपासणी, प्रत्येक सेटअपनंतर: क्षितिज सरळ आहे का? वाळूवर आपल्याच पावलांचे ठसे फ्रेममध्ये आलेत का? निर्जन बेटावर बावीस जणांच्या चपलांची नक्षी मी स्वतः एडिटमध्ये पाहिली आहे. किनाऱ्यावर चालायची एकच बाजू ठरवा आणि सगळ्यांना बजावा. मोबाइलसाठी उभा व्हिडिओही काढायचा असेल, तर चेहरा मधल्या एक तृतीयांश भागात राहतोय ना?

## 8. पाण्यातली माणसं

संगमाजवळ ओहोटीच्या वेळी खाडीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढतं. तिथे त्या वेळी कुणीही गुडघ्याच्या वर उतरायचं नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी. होडीत शॉटमधल्या कलाकाराशिवाय सगळ्यांना लाइफ जॅकेट, आणि कलाकाराचं पायाशी. शेजारी दुसरी होडी, तिच्यात पोहणारा स्थानिक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही. त्याला रिफ्लेक्टर धरायला लावलात की तो नसल्यासारखाच.

## 9. एडिट आणि रंग

आधी सगळे लिपसिंकचे टेक गाण्याखाली जुळवून थर लावा आणि फक्त त्यांच्यावर पूर्ण गाणं कापा. मग त्यात माड, होडी, हात, पाणी घाला. सुंदर ड्रोन शॉटपासून सुरुवात केली की गाणारा माणूस पाहुणा होतो. प्रत्येक ठोक्यावर कट नको, डुलणाऱ्या गाण्यात शॉटला श्वास लागतो.

लाटांच्या रेषेकडे बघा. एका ओळीत किनारा शंभर पावलं रुंद आणि पुढच्या ओळीत पाणी माडाच्या बुंध्याशी, हे प्रेक्षकाला सांगता येत नाही पण खटकतं. मध्ये एक पडवीचा शॉट टाकला की सुटतं.

रंगात त्वचा पहिली, समुद्र शेवटी. उलट केलंत तर निळाई वाढवता वाढवता माणसं नारिंगी होतात. आपलं पाणी हिरवट आहे, तो हिरवा थोडा स्वच्छ करा आणि सोडा. जांभ्याचा तांबडा तेवढा जपा, हिरव्याशेजारी तो आपोआप खुलतो.

शेवटचं, अपलोडचं: चमचमणारं पाणी कॉम्प्रेशनला सगळ्यात जड जातं, लाटांचे चौकोन होतात. मास्टर 1080 चा असला तरी 4के करून चढवा. गाण्यात विकत घेतलेले लूप किंवा दुसऱ्याची चाल असेल तर लायसन्सची कागदपत्रं आधी जवळ ठेवा. आणि पडद्यावर दिसणाऱ्या तांडेलाची, जाळं ओढणाऱ्यांची लेखी संमती किनाऱ्यावरच, मानधन देताना घ्या. पुण्याला परतल्यावर फोनवर ती मिळत नाही. तोवर ते पहाटेच समुद्रावर गेलेले असतात.